महिला गटाची रेघ नेमकी कुठे आखायची?

चुनापट्टी (धागाकर्ती)

गेली बावीस वर्षे मी मैदानी स्पर्धांमध्ये तांत्रिक पंच म्हणून काम करते आहे. त्याआधी मी स्वतः ८०० मीटर पळत होते. विद्यापीठाच्या संघापुढे माझी मजल गेली नाही, परंतु दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या दीडशे मीटरमध्ये पाय जड होतात म्हणजे काय होते, हे अंगाने ठाऊक आहे. पारलिंगी स्त्रियांनी (म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांनी) महिला गटात खेळावे की नाही, यावर अलीकडे मराठीत पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातले बरेचसे वाचून असे वाटते की लिहिणाऱ्याने धावपटू द्युती चंद आणि कास्टर सेमेन्या, मुष्टियोद्धा इमान खलिफ आणि वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड ही चारही नावे एकाच पोत्यात भरली आहेत. या चौघींपैकी पारलिंगी स्त्री फक्त हबर्ड आहेत. उरलेल्या तिघी जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढल्या. ज्या चर्चेची सुरुवातच अशा सरमिसळीने होते, तिच्या शेवटी कोणाला न्याय मिळेल अशी आशा धरणे कठीण आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला ते ओळींच्या मधून शोधावे लागणार नाही. आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय दर्जाच्या महिला गटात, पुरुष म्हणून वयात आलेल्या खेळाडूला प्रवेश नसावा, हे मला पटते. परंतु हा नियम राबवण्यासाठी ज्या पद्धती आजवर वापरल्या गेल्या, त्यांचा भार पारलिंगी स्त्रियांपेक्षा भलत्याच मुलींवर पडला, आणि त्यातल्या दोघी-तिघी आपल्याच देशातल्या आहेत.

महिला गट कशासाठी असतो हे पाहायचे असेल तर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी साहित्याच्या खोलीत यावे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४ किलोचा. तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीत पुरुषांचा आडवा खांब ९१.४ सेंटिमीटरवर असतो, तर महिलांचा ७६.२ सेंटिमीटरवर, आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात आमची माणसे टेप लावून तो खाली घेतात. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. तो खांब आणि तो गट वेगळा ठेवलेला नसता, तर मोहीचे नाव त्या दिवशी कोणी घेतले नसते.

जागतिक उच्चांकांकडे पाहिले तर पुरुषांची १०० मीटरची वेळ ९.५८ सेकंद आहे आणि महिलांची १०.४९, म्हणजे साडेनऊ टक्क्यांचा फरक. ८०० मीटरमध्ये १:४०.९१ आणि १:५३.२८, म्हणजे बारा टक्के. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर, इथे फरक जवळपास एकोणीस टक्क्यांवर जातो. (महिलांच्या या तिन्ही विक्रमांवर १९८० च्या दशकाची छाया आहे, त्याविषयी ज्याने त्याने आपापले मत बनवावे.) दहा-अकरा वर्षांपर्यंत मुले-मुली जवळजवळ बरोबरीने पळतात, आणि शाळेच्या स्पर्धेत पुढे असलेल्या मुलीला तिच्याच वर्गातला मुलगा दोन वर्षांत मागे टाकतो, हे कोणताही क्रीडाशिक्षक सांगेल. मधल्या काळात जे घडते त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक. उंची, हाडांची जाडी, खांद्यांची रुंदी, हृदयाचा आकार, रक्तातले हिमोग्लोबिन हे सारे त्या दोन-चार वर्षांत वेगळ्या वाटेला लागते.

तर खरा प्रश्न असा आहे की पुढे औषधांनी हे संप्रेरक खाली आणले तर मिळालेले परत जाते का? काही जाते, सगळे जात नाही. हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरते. स्नायूंचे प्रमाण मात्र वर्षभरात पाचएक टक्क्यांनीच घटते. हाडांची लांबी तर घटण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात उपचारांना दोन वर्षे झाल्यावर पुश-अप आणि सिट-अप या व्यायामांतला फरक मिटला होता, परंतु दीड मैलाच्या धावेत पारलिंगी स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा बारा टक्क्यांनी वेगवान राहिल्या होत्या. ज्या शर्यतीत शतांश सेकंदांवर पदक ठरते, तिथे बारा टक्के हा आकडा बाजूला ठेवता येत नाही.

संघटनांचे नियम कसे सरकत गेले ते थोडक्यात सांगते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००३ साली शस्त्रक्रियेची अट घातली होती, २०१५ साली ती काढून टेस्टोस्टेरॉन वर्षभर १० नॅनोमोल प्रति लिटरखाली असावे एवढेच ठेवले आणि २०२१ साली निर्णय प्रत्येक खेळाच्या संघटनेवर सोडून दिला. जलतरण संघटनेने जून २०२२ मध्ये, मैदानी खेळांच्या संघटनेने मार्च २०२३ मध्ये आणि क्रिकेट परिषदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुरुष म्हणून वयात आलेल्यांना महिला गट बंद केला. इथवर माझी तक्रार नाही. सप्टेंबर २०२५ पासून मात्र मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेने महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला एसआरवाय या वाय गुणसूत्रावरच्या जनुकाची चाचणी सक्तीची केली. तिथून पुढचे मला इथे बोलायचे आहे.

कासवगती

ताई, मांडणी आवडली, परंतु शेवटी आपण मागे का सरलात हे समजले नाही. आपल्याकडे चौथ्या क्रमांकाची किंमत काय असते, हे आपणांस सांगायला नको. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी पदकाचे प्रमाणपत्र लागते. माझी पुतणी तालुक्याच्या गावातून रोज पहाटे दुचाकीवर सोळा किलोमीटर अंतर कापून मैदानावर जाते. तिसरा क्रमांक हुकला तर तिचे फक्त पदक हुकत नाही, घराचे उत्पन्न हुकते. तिच्या बाजूने बोलणारे या चर्चेत कोणी नसते. नियम करायचा आणि तपासणी करायची नाही, असा नियम कोण पाळेल? गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढेच तर आहे. त्याचा बाऊ कशासाठी?

अंतःस्रावी

व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून काही दुरुस्त्या.

काडी फिरवणे सोपे आहे, अर्थ लावणे सोपे नाही. वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक १९९० साली सापडले. गर्भातल्या ग्रंथींना वृषण होण्याची दिशा देणे हे त्याचे काम. पुढे शरीर पुरुषी होईल की नाही, हे त्या वृषणांनी केलेले संप्रेरक पेशींना वापरता येते की नाही यावर ठरते. काही स्त्रियांमध्ये ते मुळीच वापरता येत नाही. त्यांच्या शरीरात एक्सवाय गुणसूत्रे असतात, एसआरवाय असते, आणि तरीही टेस्टोस्टेरॉनचा कणभर फायदा नसतो. अशा स्त्रीला बहुतेक वेळा पाळी न आल्यामुळे सोळा-सतराव्या वर्षी आमच्यासारख्यांकडे आणले जाते आणि तेव्हा तिला हे पहिल्यांदा कळते. नव्या नियमात या स्त्रियांना सूट आहे, परंतु ती मिळेपर्यंतच्या तपासण्या आणि त्या तपासण्यांची कुजबुज त्यांच्या वाट्याला येतेच.

हा प्रयोग नवाही नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांची अशीच चाचणी झाली. आठ जणींच्या चाचणीत दोष निघाला, आणि पुढील तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले गेले. १९९९ साली ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी सोडून दिली.

धागाकर्तीच्या आकडेवारीबाबत एक पुस्ती जोडतो. हवाई दलातल्या स्त्रिया म्हणजे स्पर्धेच्या खेळाडू नव्हेत. ऑलिंपिक समितीच्या पैशाने झालेला एक अभ्यास २०२४ साली आला, त्यात २३ पारलिंगी स्त्री खेळाडू होत्या. त्यांच्या हाताची पकड इतर स्त्री खेळाडूंपेक्षा जास्त भरली, पण वजनाच्या प्रमाणात उडीची उंची आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता कमी भरली. नमुना लहान आहे आणि एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांवरून उपचारांचा परिणाम सिद्ध होत नाही. तरीही ‘सर्व खेळांत, सर्व बाबतींत आघाडी’ असे सरसकट विधान त्यातून निघत नाही. नेमबाजी आणि कुस्ती यांना एकच माप लावणे मला वैद्यक म्हणून पटत नाही.

चुनापट्टी (धागाकर्ती)

डॉक्टर, पुस्ती मान्य. नेमबाजीला हा नियम लावावा असे माझेही म्हणणे नाही. मी वेग, ताकद आणि टक्कर असलेल्या खेळांपुरते बोलते आहे.

कासवगती, आपल्या पुतणीच्या बाजूनेच मी लिहिते आहे. आता ‘बाऊ कशासाठी’ याचे उत्तर. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या शांती सौंदरराजन यांनी २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यानंतर त्यांची लिंगचाचणी झाली, निकाल विरुद्ध गेला, पदक काढून घेतले गेले, आणि ही बातमी त्यांच्या गावात दूरचित्रवाणीवरून पोहोचली. पुढच्या वर्षी त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. नंतर त्या वीटभट्टीवर मजुरी करत होत्या. नियम त्या काळी जसा होता तसा लावला गेला असे घटकाभर धरले, तरी एका मुलीचा वैद्यकीय अहवाल देशभराच्या चहाच्या टपऱ्यांवर का गेला, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. माझ्या पिढीतल्या ८०० मीटरवाल्या मुलींना ती बातमी कुठे बसून ऐकली हे आजही आठवते.

द्युती चंद यांना २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले गेले, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त होते, एवढेच कारण. त्या लढल्या. जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने पुरेसा पुरावा नाही म्हणून तो नियम दोन वर्षांसाठी स्थगित केला. संघटनेने २०१८ साली नवा नियम आणला, तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना लागू होता. द्युती १०० आणि २०० मीटर पळत असल्याने त्यातून सुटल्या आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून दोन रौप्यपदके घेऊन आल्या. (पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली, हेही नोंदवते, ती बाब वेगळी आहे.) दक्षिण आफ्रिकेच्या सेमेन्या यांचेही टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्या जास्त, मात्र त्या ८०० मीटरवाल्या, त्या नेमक्या कात्रीत सापडल्या. २०१९ साली लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी सांगितले की नियम भेदभाव करणारा आहे, तरीही महिला गट राखण्यासाठी तो आवश्यक आहे. हे वाक्य प्रामाणिक आहे असे मला वाटते. भेदभाव होतो आहे हे त्यात लपवलेले नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने, स्वित्झर्लंडच्या न्यायालयात सेमेन्या यांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही, असा निर्णय दिला. मूळ नियमावर मात्र शिक्का मारला नाही किंवा तो रद्दही केला नाही.

तिसराप्रहर

मी पारलिंगी स्त्री आहे. पुण्याजवळच्या एका मैदानावर दर रविवारी सकाळी व्हॉलीबॉल खेळते. माझ्या आधारपत्रावर ‘स्त्री’ लिहिले आहे आणि त्यासाठी मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ज्या खेपा घातल्या, त्यांवर वेगळा धागा निघेल.

वर ज्या संघटनांच्या बंद्या दिल्या आहेत, त्यांत एक तपशील राहिला. मैदानी खेळांच्या संघटनेने मार्च २०२३ मध्ये बंदी घातली, त्या वेळी आंतरराष्ट्रीय पातळीवर पळणारी एकही पारलिंगी स्त्री नव्हती, हे संघटनेनेच सांगितले होते. हबर्ड टोकियो ऑलिंपिकला गेल्या, तिन्ही प्रयत्नांत वजन उचलू शकल्या नाहीत आणि क्रमवारीत त्यांचे नावच लागले नाही. क्रिकेटमध्ये डॅनिएल मॅकगेही ही पारलिंगी स्त्री कॅनडाकडून खेळली. सहा सामने, सरासरी १९.६६. दोन महिन्यांत नियम बदलून त्यांची कारकीर्द संपली. आपल्याकडे माजी कसोटीपटू संजय बांगर यांची पारलिंगी कन्या अनया उघडपणे बोलते आहे, आणि तिला दार बंद आहे. ज्या गर्दीच्या भीतीने कुंपण घातले जाते, ती गर्दी मला दाखवा.

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या राज्यपालांनी २०२२ साली अशाच एका कायद्यावर नकाराधिकार वापरताना आकडे दिले होते: शालेय खेळांत पंचाहत्तर हजार विद्यार्थी, त्यांत पारलिंगी चार, आणि मुलींच्या गटात खेळणारी एक. विधिमंडळाने तरीही कायदा केला. त्याच वर्षी तिथे एका मुलीने दोघींना हरवले म्हणून त्या दोघींच्या पालकांनी तक्रार केली आणि शालेय क्रीडा संघटनेने तिच्या बालवाडीपासूनच्या नोंदी उपसल्या. ती जन्मतःच मुलगी होती.

मला ऑलिंपिकला जायचे नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की रविवारी मी कुठे खेळायचे?

चुनापट्टी (धागाकर्ती)

रविवारी आपण जिथे खेळता तिथेच खेळावे. जिथे निवड नाही, शिष्यवृत्ती नाही, प्रमाणपत्र नाही, तिथे आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिका घेऊन जाणाऱ्याला मैदानाबाहेर बसवावे, असे माझे मत आहे.

संख्येच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. एकच खेळाडू असली तरी तिच्या शेजारच्या पट्टीत सात जणी असतात आणि अंतिम फेरीत आठच पट्ट्या असतात. पारलिंगी जलतरणपटू लिया थॉमस यांनी मार्च २०२२ मध्ये अमेरिकी विद्यापीठांची ५०० यार्डांची पोहण्याची शर्यत जिंकली, तेव्हाही त्या एकट्याच होत्या. हरल्या म्हणून हबर्ड यांचा प्रवेश योग्य ठरत नाही, तसा जिंकल्या म्हणून थॉमस यांचा अयोग्य ठरत नाही. निकालावरून पात्रता ठरवायची नसते. ती शर्यतीआधी ठरते, आणि म्हणूनच ती शरीराच्या जडणघडणीवरून ठरावी असे मी म्हणते.

युटाचा किस्सा वाचून मात्र मला आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

काही वर्षांपूर्वी एका विभागीय स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींची ८०० मीटर होती. पहिल्या आलेल्या मुलीने तीस मीटरची आघाडी घेतली होती. केस बारीक कापलेले, ओठांवर लव, आवाज जाड. दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील तक्रारशुल्काचे पैसे हातात धरूनच तंबूत आले. आमच्याकडे तक्रार येते ती बहुधा वयाची असते. जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार असे सगळे बघायची आम्हांला सवय आहे. ही तक्रार वयाची नव्हती. वरिष्ठांनी माझ्याकडे पाहून ‘मॅडम, तुम्ही जरा बाजूला घेऊन बघा’ असे म्हटले, आणि मी तिला बाजूला घेतले. काय बघायचे होते हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. साहित्याच्या खोलीत ती उभी राहिली. छातीवरचा क्रमांक एका कोपऱ्यातून सुटून लोंबत होता आणि ती उरलेल्या तीन पिना एकेक करून काढून मुठीत धरत होती. मी तिला पाळीबद्दल विचारले. तिने उत्तर दिले नाही. मग मी बाहेर येऊन ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले. निकाल कायम राहिला, पदकही तिलाच मिळाले. पुढच्या वर्षी ती आली नाही. तिच्या शिक्षकांना विचारले तर घरचे पाठवत नाहीत, असे कळले.

तेव्हा ना कसला नियम होता, ना चाचणी. एका बापाची शंका होती आणि मी होते.

कासवगती

हे वाचून थांबलो. परंतु ताई, याच प्रसंगातून उलट निष्कर्षही निघतो. सर्वांची एकदाच, सारखी, गुप्तपणे चाचणी झालेली असती, तर त्या वडिलांची तक्रार तंबूच्या दारातच परत गेली असती आणि आपल्याला ‘बघायला’ लागले नसते. मुलीच्या चेहऱ्यावरून शंका घेण्यापेक्षा काडी बरी नव्हे काय?

अंतःस्रावी

मुद्दा बिनतोड आहे, पण ‘गुप्तपणे’ हा शब्द आपण फार सहज वापरला आहे. अहवाल प्रयोगशाळेतून कोणाच्या हाती जाणार? जिल्हा संघटनेच्या सचिवाच्या भ्रमणध्वनीवर? शिवाय सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या शरीराविषयी इतकी मोठी गोष्ट कळणार असेल, तर समोर समुपदेशक आणि तज्ज्ञ असायला हवेत. पालकांच्या संमतीचा प्रश्न वेगळाच. हे सारे उभे करायची तयारी असेल तरच काडी काढावी.

नियमक्रमांकसात

थोडे अवांतर. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना अर्ज करता यावा आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे निकष ठरवावेत, असे राज्य सरकारला सांगितले. भरतीतही गोळाफेक आणि धावणे असतेच. तिथे वेगळे निकष चालतात, मग स्पर्धेत वेगळा गट का चालू नये?

तिसराप्रहर

वेगळा गट म्हणजे मी एकटीने सुरुवातीच्या रेषेवर उभे राहायचे आणि एकटीनेच पहिले यायचे. भरतीत मला नोकरी मिळते, म्हणून तिथे वेगळे निकष उपयोगाचे आहेत. शर्यतीत समोर कोणीतरी लागते.

चुनापट्टी (धागाकर्ती)

तिसराप्रहर यांचे बरोबर आहे. वेगळा गट कागदावर सोपा दिसतो. पुरुषांच्या गटाला ‘खुला’ म्हणावे आणि तिथे कोणीही अपमानाविना उतरू शकेल अशी व्यवस्था करावी, हा मार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. तिथे जिंकणे कठीण आहे, हे मान्य करूनच.

कासवगती, आपल्या प्रश्नाने माझी अडचण केली आहे आणि दोन दिवस मी त्यावर विचार करते आहे. राष्ट्रीय शिबिरात निवड झालेल्या मुलींची चाचणी एकदाच, शिबिराच्या डॉक्टरांमार्फत, स्पर्धेच्या कितीतरी आधी व्हावी, आणि संघटनेला फक्त ‘पात्र’ किंवा ‘पुढील सल्ला आवश्यक’ एवढाच शब्द कळावा, इथपर्यंत मी यायला तयार आहे. जिल्हा आणि विभागीय पातळीवर मात्र कोणतीही चाचणी नको आणि लिंगाविषयीची तोंडी तक्रार तर स्वीकारूच नये. मागच्या महिन्यात आमच्या तांत्रिक समितीच्या बैठकीत मी ही सूचना लेखी दिली. अध्यक्षांनी ती वाचली, घडी घातली आणि ‘आपल्याकडे असले काही होत नाही’ म्हणून पुढचा विषय घेतला. पुढचा विषय चुन्याच्या गोण्यांचा होता.